मातीचे ॲनिमेशन मोडीत निघालेले नाही

प्रति,
मा. संपादक,
यांस सप्रेम नमस्कार.

विषय : दहावीनंतरच्या अभ्यासक्रमांवरील लेखातील एका विधानाबाबत

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत दहावी-बारावीनंतर घेता येणाऱ्या शिक्षणाची माहिती देणारा लेख नुकताच प्रसिद्ध झाला. त्यातला ॲनिमेशनविषयीचा भाग एकंदरीत उपयोगी होता. मात्र मातीच्या बाहुल्या हलवून चित्रपट करण्याची पद्धत संगणकामुळे कालबाह्य झाली असून विद्यार्थ्यांनी तिच्यात वेळ घालवू नये, अशा आशयाचे एक वाक्य त्यात होते. लेख आल्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या शाळेतल्या नववीच्या एका मुलाचे वडील त्या लेखाचे कात्रण खिशात घालून मला भेटायला आले. ते यंत्रमागावर काम करतात आणि त्या दिवशी पाळी बदलून आले होते. "मॅडम, पेपरात तर लिहिलंय की हे बंद पडलंय. मग पोराचा शनिवार कशाला घालवायचा?" असे त्यांनी अगदी शांतपणे विचारले. छापून आलेल्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला, यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

गेली बावीस वर्षे मी सोलापुरातल्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांची तयारी करून घेणे हे माझे नेमून दिलेले काम. त्याला जोडून गेली पाच वर्षे आठवी-नववीच्या इच्छुक मुलांकडून शनिवारी शाळा सुटल्यावर मातीचे छोटे चित्रपट करून घेते. त्यासाठी लागते ते एक जुने टेबल, एक मोबाइल, तो घट्ट धरून ठेवणारा लाकडी ठोकळा आणि माती. आमचा आजवरचा सर्वांत मोठा चित्रपट ४० सेकंदांचा आहे. पडद्यावर एका सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) सरकतात. मातीच्या कामात बहुधा बाहुलीची एकच ठेवण, म्हणजे स्थिती, लागोपाठ दोन चौकटींना वापरतात, त्यामुळे सेकंदाला १२ ठेवणी पुरतात. तरीही ४० सेकंदांसाठी मुलांना ४८० वेळा बाहुली किंचित हलवून, हात बाजूला घेऊन, छायाचित्र काढावे लागले आणि त्यात नऊ शनिवार गेले. गोष्ट एवढीच, की मातीचा एक बैल दावे तोडून टेबलाच्या कडेपर्यंत जातो, खाली वाकून पाहतो आणि मागे फिरतो. बैल घ्यायचे मुलांनीच ठरवले. अक्कलकोटकडच्या कन्नड घरांतून आलेल्या मुलांना बैल घडवायला शिकवावे लागत नाही; ज्येष्ठातल्या मण्णेत्तिन अमावास्येला मातीचे बैल करून पूजायचा त्यांचा घरचा सण आहे, त्यामुळे वशिंड कुठे उठते आणि शिंगाचा बाक कुठून सुरू होतो हे त्यांच्या बोटांना आधीच ठाऊक असते.

पहिल्या वर्षी आम्ही गणपतीच्या कामातून उरलेला शाडू वापरला आणि दोन तासांत बैलाच्या चारही पायांना तडे गेले. शाडूतले पाणी उडाले की तो आकसतो, आणि ज्या सांध्यात बाहुली शंभर वेळा वाकवायची तिथेच तो फुटतो. ही अडचण फार जुनी आहे. आपल्या विद्यार्थ्यांना न वाळणारी माती मिळावी म्हणून इंग्लंडमधल्या बाथ येथील विल्यम हार्बट या कलाशिक्षकाने १८९७ च्या सुमारास प्लॅस्टिसिन तयार केले. त्यात पाण्याऐवजी तेलकट-मेणचट द्रव्ये असल्याने ते महिनोन्‌महिने मऊ राहते, आणि मातीचे बहुतेक सगळे नावाजलेले चित्रपट याच जातीच्या मातीतून झाले आहेत. एका चित्रकला शिक्षकाची वर्गातली गरज चित्रपटकलेला एवढी उपयोगी पडली, याचा मला व्यवसायबंधू म्हणून आनंद वाटतो. सोलापुरात मात्र प्लॅस्टिसिनला दुसरी अडचण येते. मार्चअखेर पारा चाळिशीकडे सरकू लागला की मेण सैलावते आणि दुपारपर्यंत बैल गुडघ्यांत खचतो. आत ॲल्युमिनियमच्या तारेचा सांगाडा घालून आणि त्या दिवसांत काम शाळा सुटल्यावर न करता सकाळीच उरकून आम्ही त्यातून वाट काढली. पंखा लावता येत नाही, कारण मागचा रंगवलेला कागद हलतो. खिडकी उघडी ठेवता येत नाही, कारण ढग आला-गेला की उजेड बदलतो आणि चित्रपट लुकलुकू लागतो. खिडक्यांवर आम्ही दोन जाड सोलापुरी चादरी टांगतो आणि एकाच दिव्यावर काम करतो.

एवढे सगळे करून मुले काय शिकतात, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मला थोडे सविस्तर द्यायचे आहे, कारण लेखातल्या त्या वाक्याचे मूळ याच ठिकाणच्या गैरसमजात आहे. मुले पहिल्या दिवशी बैलाला प्रत्येक छायाचित्रासाठी सारख्याच अंतराने पुढे सरकवतात. पट्टी लावून, अगदी अर्धा-अर्धा सेंटिमीटर. मग चित्रपट लावून पाहिला की त्यांचे चेहरे उतरतात, कारण बैल चालत नाही. कोणीतरी खोके ढकलावे तसा तो घसरतो. कोणतीही जड वस्तू जागची हलताना आधी रेंगाळते, मग वेग घेते आणि थांबताना पुन्हा मंदावते, ही गोष्ट फळ्यावर सांगून कळत नाही. सुरुवातीची अंतरे कमी, मधली जास्त, शेवटची पुन्हा कमी अशी करून पाहिल्यावर तोच बैल वजनदार वाटू लागतो आणि वर्गात आनंदाचा आवाज उठतो. दुसरा धडा चेंडूचा. जमिनीवर आपटलेला चेंडू चपटा दाखवायचा, वर उसळताना लांबट दाखवायचा. हातात मातीचा एकच गोळा असल्याने तो चपटा केला की आपोआप रुंद होतो आणि लांब ओढला की बारीक होतो. आकार बदलला तरी ऐवज तेवढाच राहतो, हे मातीच त्यांना शिकवते. संगणकाच्या पडद्यावरच्या गोलाला असे कुठलेच बंधन नसते. शिकाऊ मुलाने तो फक्त उंचीत ताणला तर रुंदी तशीच राहते आणि चेंडू फुग्यासारखा फुगलेला दिसतो, पण त्यात काय चुकले हे त्याला सांगता येत नाही.

संगणकावरच्या ॲनिमेशनबद्दल मला आकस नाही. त्याची रीत मी उशिरा, चाळिशी उलटल्यावर, थोडीफार शिकले. तिथेही आधी पात्र घडवावे लागते. ते लहान-लहान बहुकोनांच्या जाळीचे असते. मग त्याच्या आत हाडांचा सांगाडा बसवावा लागतो आणि कोणते हाड वाकले की कातडीचा कोणता भाग किती ओढला जाईल हे ठरवून द्यावे लागते. नंतर महत्त्वाच्या तेवढ्या ठेवणी कलावंत देतो आणि मधल्या चौकटी संगणक मोजून भरतो. याच टप्प्यावर लोकांना वाटते की यंत्रच सारे करते. प्रत्यक्षात दोन ठेवणींच्या मध्ये किती रेंगाळायचे आणि कुठे झेप घ्यायची हे कलावंतालाच वेळेच्या आलेखावरची वक्ररेषा वाकवून सांगावे लागते. ती रेषा सरळ ठेवली, तर संगणकातला बैलही आमच्या पहिल्या शनिवारच्या बैलासारखाच घसरतो. फरक आहे तो चूक दुरुस्त करण्याच्या सोयीचा. संगणकात चाळिसावी चौकट बिघडली तर पुढच्या-मागच्या चौकटींना धक्का न लावता तेवढीच सुधारता येते. मातीत दोनशेव्या छायाचित्रापाशी बाहुली कलंडली की बहुतेक वेळा तो प्रसंग पहिल्यापासून करावा लागतो. म्हणून मातीवर शिकलेला मुलगा हात लावण्यापूर्वी विचार करतो, आणि ही सवय पुढे संगणकापुढे बसल्यावरही सुटत नाही, असा माझा अनुभव आहे.

संगणक म्हणजे कष्टांतून सुटका, हा समजही इतिहासाला धरून नाही. संपूर्णपणे संगणकावर तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणजे १९९५ सालचा 'टॉय स्टोरी'. त्यातल्या एकेका चौकटीचे अंतिम चित्र काढायला तेव्हाच्या संगणकांना पाऊण तासापासून ३० तासांपर्यंत वेळ लागत असे, आणि अशा एक लाखाहून अधिक चौकटी होत्या. गोष्ट खेळण्यांची निवडण्यामागेही तंत्राची मर्यादा होती. गुळगुळीत प्लॅस्टिक तेव्हा संगणकाला नीट जमत होते, माणसाचे केस आणि कातडी जमत नव्हती.

माती कालबाह्य झाली असे म्हणणारे बहुतेक जण १९९३ च्या 'ज्युरासिक पार्क'चा दाखला देतात. त्यातले काही डायनासोर आधी फिल टिपेट या कलावंताच्या हाताने, बाहुल्या हलवून साकारायचे ठरले होते आणि संगणकावरच्या चाचण्या पाहिल्यावर तो बेत बदलला, हे खरे आहे. मात्र पुढची हकीकत कोणी सांगत नाही. टिपेट यांना कामावरून दूर केले गेले नाही. प्राण्यांच्या हालचालींवर देखरेख करण्याचे काम त्यांच्याकडेच राहिले. त्यांच्या माणसांना संगणक येत नव्हता आणि संगणकवाल्यांना जनावर कसे चालते हे तितकेसे ठाऊक नव्हते. म्हणून सांध्यासांध्यांत संवेदक बसवलेला डायनासोरचा धातूचा सांगाडा तयार करण्यात आला. बाहुलीवाल्यांनी तो जुन्या रीतीने, एकेका चौकटीसाठी हाताने हलवायचा आणि प्रत्येक ठेवण तारांमधून संगणकात उतरायची, अशी ती व्यवस्था होती. दृश्य परिणामांसाठी त्या चित्रपटाला जे ऑस्कर मिळाले, ते घेणाऱ्या चौघांत टिपेटही होते. त्याच चित्रपटातला पूर्ण आकाराचा यांत्रिक टी-रेक्स स्टॅन विन्स्टन यांच्या कारागिरांनी आधी मातीत घडवला होता आणि मग त्यावरून साचे काढले होते. ज्या चित्रपटाने माती संपवली असे सांगितले जाते, त्यातल्या या अवाढव्य यांत्रिक जनावराचा जन्म मातीतला आहे.

त्याही मागे गेले तर संगणकाच्या ॲनिमेशनच्या सुरुवातीच्या काळातही साचाच भेटतो. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात शिकणाऱ्या एडविन कॅटमल यांनी आपल्या डाव्या हाताचा प्लास्टरचा साचा घेतला, त्यावर शाईने बहुकोनांची जाळी आखली, तिचे बिंदू मोजून संगणकात भरले आणि पडद्यावर हाताची बोटे हलवून दाखवली. हेच कॅटमल पुढे 'टॉय स्टोरी' करणाऱ्या पिक्सार कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. हाताचा ठसा घ्यायचा तर आधी हात काहीतरी ओल्या पदार्थात रोवावा लागतो, हे सोलापुरातल्या कुंभार वेशीत वाढलेल्या मुलाला सांगायची गरज नाही.

आपल्याकडे तर चौकटी-चौकटीने चित्रण करण्याची रीत भारतीय चित्रपटाच्या पहिल्या पावलाइतकी जुनी आहे. 'राजा हरिश्चंद्र' करण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्यापुढे कॅमेरा ठेवून थोड्या-थोड्या अंतराने एकेक चौकट टिपली, आणि काही क्षणांत अंकुराचा वेल होताना दाखवून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास मिळवला. नंतर त्यांनी 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात काड्या हाताने हलवून नाचवल्या. वाटाणा आपोआप वाढतो. काडीला माणसानेच हलवावे लागते. या दोन प्रयोगांमधले अंतर फाळक्यांनी ॲनिमेशनच्या कोणत्याही विद्यालयात न जाता ओलांडले, हे मी मुलांना दरवर्षी सांगते.

आता धंद्याविषयी, कारण पालकांची खरी काळजी तीच आहे आणि ती योग्य आहे. निव्वळ मातीच्या ॲनिमेशनवर पोट भरणारे लोक आपल्या देशात मोजकेच आहेत. मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळूर इथे या क्षेत्रात जी कामे मिळतात, त्यांतली बहुतेक संगणकावरची असतात, आणि हे मी त्या मुलाच्या वडिलांपासून लपवले नाही. तरी कालबाह्य हा शब्द वस्तुस्थितीला धरून नाही. मार्च २०२५ मध्ये ॲनिमेशनपटाच्या ऑस्करसाठी जी पाच नामांकने होती, त्यांतले दोन चित्रपट मातीच्या पात्रांचे होते. एक ब्रिटनमधला, एक ऑस्ट्रेलियातला. मुंबईत तयार झालेल्या 'टोकरी' या स्टॉप मोशन, म्हणजे बाहुल्या चौकटी-चौकटीने हलवून केलेल्या, लघुपटाला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळालेला आहे. शिवाय दोन्ही रीती एकमेकींत इतक्या मिसळल्या आहेत, की त्यांच्यामध्ये भिंत घालणेच अवघड झाले आहे. अमेरिकेतल्या लायका स्टुडिओने २००९ च्या 'कोरलाइन'पासून बाहुल्यांचे चेहरे संगणकावर घडवून त्रिमितीय छपाईयंत्रावर काढले आणि ते हाताने एकेक बदलत चित्रण केले. मातीच्या कामासाठीच नावाजलेल्या आर्डमन स्टुडिओने २००६ मध्ये एका चित्रपटाची कथा गटारातल्या पाण्यात घडत असल्यामुळे, आणि पाण्यात मातीच्या बाहुल्या टिकत नसल्यामुळे, तो पूर्ण संगणकावर केला. पात्रांची ठेवण मात्र मातीच्या बाहुल्यांसारखीच ठेवली.

सोलापूरकरांना हे समजायला जड जाऊ नये. चादरीची नक्षी पूर्वी आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून काढत, मग तिच्यावरून जकार्डसाठी, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रणेसाठी, पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडत. आता बरीचशी नक्षी संगणकावर निघते. (त्या छिद्रांच्या पट्ट्यांची कल्पनाच चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी उचलली होती, तेव्हा संगणकाच्या वाटेवर माग आधीपासून उभा आहे.) साधन बदलले, तरी उभा धागा कुठे वर यायचा आणि आडवा कुठे दिसायचा हे ज्याला कळत नाही, त्याची नक्षी मागावर चढल्यावर उघडी पडते.

या लेखाचा मला त्रास झाला त्यामागे आणखी एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या एका माजी विद्यार्थ्याने दहावीनंतर एका खासगी संस्थेत ॲनिमेशनचा वर्षभराचा अभ्यासक्रम केला. घरच्यांनी पतसंस्थेतून कर्ज काढून शुल्क भरले. वर्षभर त्याला सॉफ्टवेअरमधली बटणे शिकवली गेली. पात्रे तयार मिळालेली, त्यांचे सांगाडेही तयार, आणि हालचालीसुद्धा बऱ्याचशा आयत्या. पुण्यात मुलाखतीला गेला तेव्हा त्याच्यापुढे कोरा कागद ठेवून, डोक्यावर ओझे घेतलेला माणूस चालताना कसा दिसेल त्याच्या आठ ठेवणी काढायला सांगितल्या. त्याला एकही नीट जमली नाही. तो हुशार मुलगा आहे, माझ्या वर्गात त्याचे स्मरणचित्र नेहमी चांगले असे. आज तो दुसऱ्याच कामाला आहे, आणि कर्जाचे हप्ते मात्र बराच काळ चालू राहिले. त्या वर्षातला एखादा महिना जरी त्याच्या हातात माती दिली असती, तरी ओझ्याने कंबर कुठे वाकते हे त्याला कळले असते. म्हणून पालकांना माझी कळकळीची विनंती आहे, की शुल्क भरण्यापूर्वी संस्थेत एवढेच विचारावे : पहिल्या तीन महिन्यांत मुलगा हाताने काय करील? याचे उत्तर मिळाले नाही तर घाई करू नये. संगणकाचे साधन आज महाग राहिलेले नाही. ज्या 'फ्लो' या लॅटव्हियन चित्रपटाने मार्च २०२५ मध्ये ॲनिमेशनपटाचे ऑस्कर जिंकले, तो ब्लेंडर या विनामूल्य मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर तयार झाला होता. सॉफ्टवेअर फुकट मिळत असेल, तर पैसे शिकवण्याचे द्यायचे आहेत हे लक्षात घेऊन ते शिकवणे तपासून घ्यावे.

मुख्याध्यापकांना आणि माझ्या सहकारी चित्रकला शिक्षकांनाही विनंती आहे, की चित्रकलेचे तास कमी करून ते इतर विषयांना देण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्यातून आठवड्याचा निदान एक तास वाचवावा. मुलांच्या हातात मोबाइल नको, असे आपण सगळेच म्हणतो; टेबलावर ठोकळ्यात बसवलेल्या मोबाइलला दोन तास कोणी हातही लावत नाही, कारण हात लावला की चित्र हलते.

त्या नववीतल्या मुलाबद्दल सांगायचे राहिले. यंदा तो मातीचा विणकर करतो आहे. हातमागावर बसलेले त्याचे आजोबा. वडील भेटायला आले तेव्हा मी त्यांना झालेले तेवढे काम दाखवले. धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारे मागाचे साधन, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो, एवढेच तीन सेकंदांचे दृश्य होते आणि मुलाने माझ्या शिकवणीप्रमाणे धोट्याला आधी सावकाश, मग वेगात आणि शेवटी पुन्हा सावकाश नेले होते. वडिलांनी ते दोनदा पाहिले आणि म्हणाले, "धोटा असा जात नाही, मॅडम. ठोका बसला की तो सुटतोच, आणि पेटीत आपटून थांबतो. त्याला रेंगाळायला वेळ कुठाय?" त्यांचे बरोबर होते. बैलाचा नियम आम्ही धोट्याला लावला होता. मुलाने दुसऱ्या शनिवारी ते सगळे दृश्य नव्याने करायला घेतले.

त्यानंतरच्या दोन शनिवारी मात्र तो आलेला नाही. कात्रण अजून त्याच्या घरी आहे. त्याचा विणकर चित्रकलेच्या खोलीत झाकून ठेवला आहे, धोटा अर्ध्या वाटेवर आहे आणि ३१ छायाचित्रे झाली आहेत. आपण पुरवणीत त्या वाक्याबद्दल चार ओळींचा खुलासा छापावा, अशी विनंती आहे. तो छापून आला की मी स्वतः त्यांच्या घरी नेऊन देईन.

कळावे,
आपली विश्वासू,
एक चित्रकला शिक्षिका,
सोलापूर